तणनाशकानंतरचा पेरा केव्हा?



रत्नागिरी जिल्ह्यात पावसाचे पाणी अमाप पडते. वर्षाकाठी त्याचे मान ३,००० मिलिमीटरच्या वर जाते. परंतु जांभ्याची जमीन हे पाणी धरून ठेवीत नाही. भाताची कापणी झाली की खाचरात जी अंगओल उरते, तेवढ्या भांडवलावर वाल, कुळीथ, चवळी, पावटा ही कडधान्ये आणि परसातला भाजीपाला उभा राहतो. घरच्या वर्षभराच्या आमटीची बेगमी त्यातूनच होते. ही ओल वर्षातून एकदाच लाभते. पेरलेले बी उगवले नाही, किंवा उगवून पिवळे पडले, तर दुबार पेरणीस जमिनीत ओल उरत नाही आणि मडक्यात राखेत जपलेले बियाणेही संपलेले असते. म्हणूनच भातात किंवा बांधावर फवारलेल्या तणनाशकाचा अंश पुढच्या पिकाला बाधेल काय, हा प्रश्न कोकणात मोठ्या बागाईतदारापेक्षा अल्पभूधारक कुटुंबाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

मजुरी परवडेनाशी झाली, बेणणीला माणूस मिळेना, तेव्हा तणनाशक शेतात आले. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र तण मेले म्हणजे औषध संपले, असे होत नाही. जमिनीत पडलेल्या औषधाचे विघटन मुख्यतः सूक्ष्म जीवाणू करतात, आणि त्यांना ऊब, ओल व सेंद्रिय अन्न लागते. मूळ मात्रा निम्मी होण्यास जो काळ लागतो त्यास अर्धायुष्य म्हणतात. उबदार, ओलसर जमिनीत २,४-डी चे अर्धायुष्य सुमारे १० दिवसांचे असते. अ‍ॅट्राझिनचे साधारणपणे दोन महिन्यांचे. पेंडीमिथॅलिनचे दीड ते तीन महिन्यांचे. दोन महिने अर्धायुष्य असलेल्या औषधाचा हेक्टरी १ किलो क्रियाशील अंश टाकला, तर दोन महिन्यांनी ५०० ग्रॅम, चार महिन्यांनी २५० ग्रॅम आणि सहा महिन्यांनीही १२५ ग्रॅम शिल्लक राहतो.

येथे कोकणची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. हा हिशेब ओल्या जमिनीचा आहे. जून-जुलैमध्ये लावणीच्या सुमारास टाकलेल्या ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर यांसारख्या औषधांना पुढे तीन महिन्यांचा पावसाळा मिळतो, आणि कापणीपर्यंत त्यांचा प्रभाव सहसा उरत नाही. पण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात फवारणी केली की लगेच जमीन सुकू लागते आणि जीवाणूंचे काम मंदावते. त्यामुळे पावसाळ्यातले ६० दिवस आणि दिवाळीनंतरचे ६० दिवस सारखे नव्हेत. अमेरिकेच्या मकापट्ट्यातही अ‍ॅट्राझिनचा उपद्रव मक्यानंतरच्या ओट आणि सोयाबीन पिकांना झाला, तो विशेषतः कोरड्या वर्षांत.

दुसरी गोष्ट आम्लतेची. जिल्ह्यातील जांभ्याच्या जमिनी बहुतांशी आम्लधर्मी आहेत. मेटसल्फ्युरॉनच्या वर्गातील औषधे, ज्यांचा हेक्टरी अवघा ४ ग्रॅम अंश भातातील तण मारतो, ती आम्ल जमिनीत लवकर विघटित होतात. ही येथील शेतकऱ्याच्या फायद्याची बाब. याउलट भुईमुगात वापरले जाणारे इमॅझेथापायर आम्ल जमिनीच्या कणांना घट्ट चिकटते व अधिक काळ टिकते. त्यानंतर कडधान्य चालेल. मोहरी, मुळा किंवा अन्य भाजी घेताना सावध राहावे. देशावरच्या काळ्या जमिनीतला अनुभव कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

ग्लायफोसेट मातीला चिकटून निष्क्रिय होते, म्हणून पुढच्या पेऱ्याला त्याची बाधा सहसा होत नाही. परंतु देशात त्याची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्याच्या वापरावर आणखी निर्बंध घातले. पॅराक्वाटही मातीत असेच जखडले जाते. पण जमिनीला निरुपद्रवी म्हणजे माणसाला निरुपद्रवी नव्हे. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

आंबा बागेतल्या एका गोष्टीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हापूसला मोहोर यावा म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुळांशी दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझॉल हे तणनाशक नव्हे. ते वाढ रोखणारे संजीवक आहे. तरीही ते जमिनीत महिनोन्‌महिने टिकते, आणि झाडाच्या घेराखाली लावलेली भाजी खुरटते.

मग पेरावे केव्हा? डब्यावरील चिठ्ठीत पुढील पिकासाठी सांगितलेली मुदत पाळावी, हे पहिले. पण खरी साक्ष मातीच देते, आणि ती घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. फवारलेल्या खाचरातून दहा-बारा ठिकाणची, वरच्या चार ते सहा इंचांतील माती घेऊन एकत्र मिसळावी. तशाच पोताची, कधीही न फवारलेली माती वेगळी घ्यावी. तळाला भोके पाडलेल्या डब्यांत किंवा करवंट्यांत दोन्ही भरून प्रत्येकीत काकडी, मुळा आणि जे पीक घ्यायचे त्याचे दहा-दहा दाणे पेरावेत. डबे उन्हातच ठेवावेत, कारण अ‍ॅट्राझिनसारख्या औषधाची बाधा खरी पाने फुटून ऊन लागल्यावरच दिसते: जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. देठ पिळवटले, पाने वाटीसारखी वळली, तर २,४-डी चा संशय घ्यावा. वाढीचा शेंडा पिवळा पडला तर इमॅझेथापायरचा. तिसऱ्या आठवड्यात रोपे उपटून मुळे धुऊन पाहावीत. ती आखूड व गाठाळ असतील तर पेंडीमिथॅलिन अजून जागे आहे. दोन्ही डब्यांतील रोपे सारखी असतील तर निश्चिंत मनाने पेरावे.

फरक दिसला तर पीक बदलावे. अ‍ॅट्राझिनच्या जमिनीत मका येतो. पेंडीमिथॅलिननंतर नाचणीसारखे बारीक दाण्याचे तृणधान्य टाळावे. खोल नांगरट केल्याने अंश विरळ होतो, कुजलेल्या शेणखताने जीवाणूंना बळ मिळते, आणि विहिरीचे पाणी असेल तर एक पाणी देऊन वाफशावर पुन्हा परीक्षा घ्यावी. पुष्कळदा दोष जमिनीचा नसतोच. तणनाशकाचा पंप न धुता त्याच पंपाने कीटकनाशक फवारलेले असते. दोन कामांना दोन पंप असावेत.

या परीक्षेला तीन आठवडे लागतात. हळव्या भाताची कापणी सप्टेंबरअखेर सुरू होते, तेव्हा त्या खाचराची माती गणेशोत्सवाच्या आगेमागेच डब्यात भरलेली असावी. गरव्या भातासाठी आणखी काही आठवडे थांबता येते. कापणीआधी पुन्हा फवारणी झाली असेल, तर मात्र डबे नव्याने भरावे लागतील.