तपासणी कामगार स्त्रीच्या दारी

कर्करोग वेळीच ओळखण्यास अवाढव्य यंत्रेच लागतात, हा समज मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी खोटा ठरविला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तेथे सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी संशोधन सुरू केले. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.

तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटास त्या काळात केवळ आरोग्यशिक्षण मिळाले. त्या स्त्रियांच्या वंचिततेच्या मोलाने लाभलेले हे ज्ञान अहवालात पडून राहता कामा नये.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कंत्राटी स्त्री-कामगाराने, काही दुखत नसताना, दिवसाची मजुरी बुडवून रुग्णालयात जावे कसे? आणि हा रोग तर प्रारंभी दुखतच नाही. म्हणून तपासणी पगारी वेळेत, कारखान्यात व वस्तीत झाली पाहिजे. सेविकेला कायम नोकरी व पुरते वेतन मिळाले पाहिजे. दोष आढळलेल्या स्त्रीचा उपचार विनामूल्य तडीस गेला पाहिजे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात ही कलमे वेतनवाढीच्या बरोबरीने मांडावीत.