लेखाखालील सही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ‘स्मरणिकेत निनावी लेखन छापावे काय?’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही कोणी पंडित नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि उमेदीचा सारा काळ प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविला. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. अनुभवाचे चार दाणे सापडले तर ते वेचून घ्यावेत, एवढीच विनंती.

विषय दिसावयास लहान आहे. आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी जो मजकूर येतो, त्यात काही पत्रे व लेख असे असतात की त्यांच्याखाली नाव नसते. ‘एक सभासद’, ‘एक ज्ञातिभगिनी’, ‘सत्यप्रिय’ अशी काहीतरी सही असते. असे लेखन छापावे की टोपलीत टाकावे, हा प्रश्न. कार्यकारिणीत याविषयी दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्याला नाव सांगण्याचे धैर्य नाही त्याला बोलण्याचा अधिकार नाही. दुसरा म्हणतो, नावाची सक्ती केली तर खरे कोणीच लिहिणार नाही, आणि स्मरणिकेत केवळ अभिनंदनाचे ठराव, गुणवंतांची छायाचित्रे आणि जाहिराती उरतील. आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत.

शाळेत असताना आमच्या टेबलावर अधूनमधून चिठ्ठ्या सापडत. त्यांचे दोन प्रकार असत. एका चिठ्ठीत लिहिलेले असे, ‘गुरुजी, अमक्याने खडू चोरले.’ दुसरीत असे, ‘गुरुजी, मधल्या सुट्टीत मोठी मुले मला मारतात.’ खाली नाव दोहोंतही नसे. परंतु पहिली चिठ्ठी लिहिणारा दुसऱ्यावर बोट दाखवून स्वतः लपत होता. दुसरी लिहिणारा मार खात होता, आणि नाव लिहिले असते तर त्याला आणखी मार बसला असता. हस्ताक्षर आम्ही ओळखत असू, हा भाग निराळा. या दोन चिठ्ठ्यांतील भेद ज्याला कळला, त्याला आजच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव झाकून लिहिणे म्हणजे भ्याडपणा, असे सरसकट म्हणणे आपल्या भाषेच्या इतिहासाशी जुळत नाही. भाऊ महाजन यांच्या मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ ते १८५० या काळात जी ‘शतपत्रे’ प्रसिद्ध झाली, त्यांच्याखाली ‘लोकहितवादी’ एवढीच सही असे. लिहिणारे होते गोपाळ हरि देशमुख. वय जेमतेम पंचविशीचे, नोकरी सरकारी, आणि टीका कोणावर? इंग्रजांपुढे आपण का हरलो हे सांगताना त्यांनी आपल्याच ब्राह्मण समाजाच्या आळसावर व रूढिप्रियतेवर कोरडे ओढले. स्वकीयांचे दोष स्वकीयांना सांगणे हे सर्वांत कठीण काम. ते त्यांनी टोपणनावाने केले, म्हणून त्याचे मोल उणे झाले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रात बालविवाहाच्या दुःखाविषयी पत्रे आली, त्यांच्याखाली ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची सही होती. ती पत्रे रखमाबाईंची होती. लहानपणी झालेल्या विवाहाच्या नात्याने सासरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले होते, आणि न्यायालयात त्यांच्यावर दावा चालू होता. त्याच रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. तसेच १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने निघाले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा त्यात उघड झाला होता. ही लेखिका कोण, याची चर्चा पुष्कळ दिवस चालली. त्या मालतीबाई बेडेकर. झाकलेल्या नावाआडून आलेली ही वाणी नसती, तर आपल्या घरातील आयाबहिणींच्या मनात काय आहे हे कळावयास आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे!

शिवाय नाव उघड होण्याची भीती ही काल्पनिक नाही, हे ज्ञातीच्या संस्थेत तरी कोणास सांगावयास नको. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाबिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली, आणि त्यातून मोठे ग्रामण्य उभे राहिले. रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. नुसते नाव छापून आले, तर एवढे होते! वाळीत टाकण्याची रूढी इतकी चिवट, की २०१६ साली महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा ज्ञातीतील एखाद्या चालीविरुद्ध लिहिणाऱ्याने नाव झाकण्याची इच्छा धरली, तर त्याला हसण्याचा अधिकार आपणांस नाही.

हे झाले एका बाजूचे. आता दुसरी बाजू.

१८८२ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांचे टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. ज्या पत्रांच्या आधारावर त्यांनी लिहिले, ती पत्रे बनावट निघाली. हेतू शुद्ध होता, विद्वत्ता तर वादातीत होती. परंतु हाती आलेल्या कागदामागचा माणूस खरा की खोटा, याची खात्री नव्हती. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस त्यांना काढावे लागले. पुढे १८९७ साली ‘केसरी’त आलेल्या एका कवितेखाली ‘भवानी तलवार’ अशी सही होती. खटला मात्र तलवारीवर झाला नाही, संपादकांवर झाला, आणि त्या खटल्यात लोकमान्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. यातून बोध हा की, लेखाखाली लेखकाचे नाव असो वा नसो, त्याबद्दल उत्तर देणारा कोणीतरी असावाच लागतो. छापखान्यांविषयीचा १८६७ सालचा कायदा हेच सांगत होता. त्याच्या जागी आता २०२३ सालचा कायदा आला आहे, तरी अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांच्या नावांची अपेक्षा कायम आहे. लेखकाने नाव दिलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. परंतु जबाबदार माणूस मात्र तो मागतो.

आता आम्ही आपल्या मंडळातील दोन हकिकती सांगणार आहोत. दोन्हींत दोष आमचा आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम झाकले आहेत.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही संपादक मंडळात होतो. विद्यार्थी वसतिगृहाच्या धान्यखरेदीत गोंधळ आहे, असे एक पत्र आले. सही ‘एक सभासद’. खजिनदारांचे नाव पत्रात नव्हते, पण धान्यखरेदी कोण पाहते हे सर्वांस ठाऊक होते. छापावे की नाही यावर मते घेतली. आमचे मत ‘छापावे’ असे पडले. स्पष्टवक्तेपणाची त्या वेळी आम्हांस मोठी हौस होती.

वार्षिक सभेच्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ रुमालात बांधलेल्या वह्या घेऊन आले. त्यांनी गाठ सोडली आणि एकेक पावती टेबलावर मांडली. हिशेब पैन्‌पै जुळला. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, ज्यांनी लिहिले त्यांना मला उत्तर द्यायचे आहे. ते कुठे बसले आहेत, एवढे सांगा.”

आम्ही काय सांगणार? आम्हांसच ठाऊक नव्हते. पत्र कोठून आले, कोणी टाकले, याची चौकशी आम्ही केलीच नव्हती. त्यांनी वह्या पुन्हा बांधल्या आणि ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी मंडळाची पायरी चढली नाही. पुढल्या अंकात आम्ही दिलगिरी छापली, पण आरोप पहिल्या पानावर आणि दिलगिरी शेवटच्या पानावर, असेच जगात होते. याहून वाईट म्हणजे, ज्या एका तरुणाचे खजिनदारांशी पूर्वी भांडण झाले होते, त्याच्यावर संशय आला. त्याने शपथा घेतल्या, कोणी ऐकले नाही. त्याच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. आरोपी दुखावला, निरपराधी भाजला, आणि लिहिणारा कदाचित त्याच सभेत चहा पीत बसला असेल.

या प्रकाराने पोळल्यावर आम्ही ठराव केला की, नाव नसेल तर छपाई नाही. अपवाद मुळीच नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. त्याचे फळ दुसऱ्या हकिकतीत आहे.

काही वर्षांनी एका विधवा भगिनीचे पत्र आले. पुतणीच्या लग्नात हळदीच्या वेळी त्यांना माजघरात बसविण्यात आले होते. त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीने बाहेर येऊन सर्वांसमक्ष विचारले होते, “माझी आई कुठे आहे?” पत्रात कोणाचे नाव नव्हते, कोणावर राग नव्हता. शेवटी लिहिले होते, ‘मी दोन मुलांसह सासरी राहते. माझे नाव कृपया छापू नये.’ नाव व पत्ता त्यांनी आम्हांस विश्वासाने कळविला होता. म्हणजे त्या निनावी नव्हत्याच. परंतु आम्ही ठरावाला बांधलेले! ‘नाव छापण्यास संमती नसल्यास लेख स्वीकारता येत नाही’ असा शेरा मारून, मंडळाच्या शिक्क्याच्या पाकिटात घालून, आम्ही ते पत्र परत पाठविले.

ते पाकीट त्यांच्या थोरल्या दिरांनी फोडले.

पुढे काय झाले ते आम्ही विस्ताराने सांगत नाही. महिन्याच्या आत त्या मुलांना घेऊन माहेरी गेल्या, आणि मुलांची शाळा सुटली. पहिल्या वेळी नाव न विचारता छापून आम्ही एका सज्जनाची अब्रू घालविली होती. दुसऱ्या वेळी नाव ठाऊक असून ते जपले नाही आणि एका भगिनीचा आसरा घालविला.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, नाव छापणे आणि नाव असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचकांस नाव कळले नाही तरी चालेल. संपादकांस ते कळलेच पाहिजे, आणि कळल्यावर त्यांनी ते प्राणापलीकडे जपले पाहिजे. या तत्त्वाला धरून चार सूचना आम्ही सभेपुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, ज्या लेखाचा कर्ता संपादकांसही अज्ञात आहे, तो छापू नये. मग तो कितीही गोड असो वा तिखट.

दुसरी, जो स्वतःचे दुःख सांगतो किंवा एखाद्या रूढीवर टीका करतो, त्याला नाव झाकण्याची मुभा असावी. परंतु जो दुसऱ्या व्यक्तीवर आरोप करतो, त्याने स्वतःच्या नावाने उभे राहावे. ज्याच्यावर आरोप आहे त्यास तो मजकूर आधी दाखवावा आणि त्याचे उत्तर त्याच अंकात, त्याच पानावर छापावे.

तिसरी, पैशाअडक्याच्या तक्रारींची जागा स्मरणिकेत नव्हे. आपले मंडळ सार्वजनिक न्यास आहे. १९५० सालच्या कायद्याप्रमाणे त्याचे हिशेब तपासले जातात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. कार्यकारिणीने अशी पत्रे हिशेब तपासनिसांकडे द्यावीत. येथे मात्र पत्र निनावी आले तरी ते फेकू नये. कारण तेथे प्रश्न माणसाच्या शब्दाचा नसून वह्यांचा असतो, आणि वह्या तपासण्यास कोणाची सही लागत नाही.

चौथी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. झाकलेले नाव दोनच व्यक्तींस ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. लेख परत करावयाचा झाल्यास तो कसा व कोठे द्यावा, हे लिहिणाऱ्यास आधीच विचारून घ्यावे. मंडळाचा शिक्का असलेले पाकीट कोणाच्याही घरी न विचारता जाऊ नये. या नियमाची किंमत कोणी चुकविली आहे, ते आपण आता ऐकलेच आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या कटकटीपेक्षा सर्वांनी निर्भयपणे नाव द्यावे हेच बरे नव्हे काय? नक्कीच बरे. परंतु निर्भयता ही केवळ लिहिणाऱ्याच्या अंगी असून भागत नाही. ती देणारा समाजही असावा लागतो. ज्या दिवशी आपल्या ज्ञातीतील एखादी सून लेखाखाली पूर्ण नाव लिहील आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कोणी जाब विचारावयास जाणार नाही, त्या दिवशी या चारही सूचना खुशाल रद्द कराव्यात. तोवर निनावी पत्रांची संख्या म्हणजे त्या लेखकांच्या भित्रेपणाचे माप नव्हे. ते आपल्या असहिष्णुतेचे माप आहे.

आता शेवटचे. ते खजिनदार गृहस्थ आज हयात नाहीत. त्या भगिनी कोठे आहेत हे आम्हांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच आम्ही ते सांगणार नाही. मंडळाने दोघांचीही क्षमा मागावयास हवी होती. ती आज आम्ही मागतो, आणि अध्यक्षमहाराजांना विनंती करतो की, हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे झाल्यास ते आमच्या पूर्ण नावानिशी छापावे. दुसऱ्याचे नाव झाकणे कधीकधी दया ठरते. स्वतःच्या चुकीखालचे नाव झाकणे मात्र केव्हाही योग्य नव्हे.