समुद्र कूस बदलतो तेव्हा



आपल्या बाजारात कुपा, गेदर या नावांनी जी मासळी येते, तिचा मोठा भाऊबंद म्हणजे पिवळ्या परांचा ट्यूना. हिंदी महासागराच्या पश्चिमेला, सेशेल्स बेटांच्या आसपास, फ्रान्स आणि स्पेनच्या बोटी पर्ससीन जाळ्यांनी हा मासा पकडतात. तिथल्या व्हिक्टोरिया बंदराची रोजीरोटी त्यावर चालते. १९९७-९८ मध्ये मात्र या बोटी ओळखीचे पाणी सोडून महासागराच्या पूर्व भागात गेल्या.

असे का झाले? एरवी विषुववृत्तावरचे वारे गरम पाणी पूर्वेकडे, सुमात्राकडे लोटतात. त्या वर्षी वारे उलटे फिरले. सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगत थंड, पोषक पाणी वर आले आणि पश्चिमेला गरम पाण्याचा थर जाड झाला. खालचे खाद्य वर येईना. ट्यूना पांगला, खोल गेला, जाळ्याच्या टप्प्यात राहिला नाही. या उलथापालथीला १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘इंडियन ओशन डायपोल’ असे नाव दिले. १९९७ मध्ये, मान्सूनला अनेकदा मारक ठरणारा एल निनो प्रबळ असूनही आपला मान्सून सरासरीइतका झाला, त्यालाही या डायपोलचा हातभार लागला असे मानतात.

प्रशांत महासागरात मासा दूर नेण्याचे हेच काम एल निनो करतो. गरम पाणी पूर्वेला सरकते, त्यामागोमाग स्किपजॅक ट्यूना हजारो किलोमीटर जातो. पापुआ न्यू गिनीजवळचा मासा किरिबातीच्या हद्दीत पोहोचतो. तिथल्या आठ देशांनी यावर शहाणा तोडगा काढला. २००७ पासून ते परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस विकतात, एकूण दिवसांवर मर्यादा ठेवतात आणि गरजेप्रमाणे आपापसांत दिवसांची देवघेव करतात. मासा कुणाच्याही हद्दीत गेला, तरी एकूण मर्यादा तीच राहते.

श्रोतेहो, यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. जाळे भरले म्हणजे मासा वाढला असे नाही, आणि जाळे रिकामे आले म्हणजे मासा संपला असेही नाही. कधी समुद्र मासा आपल्या पुढ्यात आणून ठेवतो, कधी दूर नेतो. धोका आहे तो सुगीच्या वर्षांत. तेव्हा कर्ज काढून बोटी वाढवल्या जातात. पुढे समुद्र पालटतो, पण बोटी तशाच राहतात, कर्जही तसेच राहते, आणि ते फेडण्यासाठी उरलेल्या मासळीवर दुप्पट घाव पडतो. म्हणून किती बोटी दर्यात सोडायच्या, हे सुगीच्या नव्हे, तर वाईट वर्षाचा हिशेब धरूनच ठरवले पाहिजे.