रॉकवर लिहिता लिहिता



बाकावर ताल धरला म्हणून ज्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते सर आज समोर बसलेत. सर, खोड गेलेली नाही! म्हणून रॉक संगीतावरच बोलतो. पण माझ्याबद्दल नाही, अमित सैगलबद्दल.

हा पक्का रॉकवेडा. १९९३ साली त्याने पत्नीच्या साथीने ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं, तेही मुंबई-दिल्लीतून नव्हे, अलाहाबादहून. रत्नागिरीकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. त्या काळी आपले बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या घेत. स्वतःची गाणी रचणाऱ्यांवर कितीही भरभरून लिहिलं, तरी वाचकाने ती ऐकायची कुठे? आपल्याकडे शक्ती-तुऱ्याच्या कॅसेट निघायच्या, आठवतं? शाहीर गावोगाव पोचायचा. या पोरांना तेवढंही नव्हतं. मोठ्या कंपन्यांचा सगळा भर हिंदी सिनेमावर.

मग सैगलने ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सव भरवला आणि बँडांच्या स्वतःच्या गाण्यांचे संग्रहही काढले. समीक्षकानेच दुकान मांडलं तर परखडपणाचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा दुकानं होती तरी किती?

जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात समुद्रात बुडून तो गेला. तोवर रसिक बँडकडे त्यांची स्वतःची गाणी मागू लागले होते.