बाळंतिणीची जखम आणि संधिसाधू बुरशी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



शस्त्रक्रियेने प्रसूती होऊन बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कळले की घरी पेढे वाटले जातात. आमच्या जबाबदारीचा दुसरा टप्पा मात्र तेथूनच सुरू होतो. टाक्यांत पू होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. क्वचित तेथे बुरशीही शिरते, याची जाणीव फारशी नाही.

बुरशी मातीत व हवेत सर्वत्र असते. कँडिडा तर निरोगी स्त्रीच्या आतड्यात व योनिमार्गातही वास करते. मधुमेह, दीर्घकाळ ठेवलेली लघवीची वा शिरेतील नळी आणि लांबलेली प्रतिजैविके यांमुळे शरीराचा पहारा ढिला पडतो, तेव्हा ती संधी साधते. प्रतिजैविके जीवाणूंना मारतात, बुरशीला नव्हे. उलट तिचे प्रतिस्पर्धीच नाहीसे करतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला हा धडा फार महागात शिकवला. हीच बुरशी क्वचित शस्त्रक्रियेच्या जखमेतही शिरते. तेव्हा मृत ऊती कापून काढणे आणि अँफोटेरिसिन देणे, दोन्ही तातडीने करावे लागते.

म्हणून प्रतिजैविके देऊनही ताप उतरत नसेल, तर केवळ औषध बदलून भागत नाही. जखमेतील ऊतीचा नमुना तपासला पाहिजे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. संवर्धन चाचणीला मात्र अनेक दिवस लागतात.

भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर येथील गावी परतणाऱ्या कुटुंबांना आमची विनंती आहे : जखमेवर हळद, राख वा झाडपाला लावू नये. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. मधुमेह असल्यास रक्तातील साखर तपासत राहावी. जखमेची कड काळी पडली, वेदना वाढली वा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे. सव्वा महिना संपण्याची वाट पाहू नये.

देणगीदारांसमोर एक उदाहरण ठेवतो. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या अमेरिकी संशोधिकांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध जगापुढे आणले आणि त्याच्या स्वामित्वधनाची सारी रक्कम संशोधनकार्यास अर्पण केली. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते, प्रयोगशाळेतील काचपट्टीवर येत नाही. पण एखाद्या मातेचे प्राण त्या काचपट्टीवर अवलंबून असतात. आपल्या दानाचा काही अंश प्रयोगशाळेकडे वळावा, ही नम्र प्रार्थना.