नावडतीचं देऊळ



श्रावण लागला की उदगीरमधल्या कितीतरी घरांतून सोमवारी महादेवाला शिवामूठ वाहिली जाते. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव; पाचवा सोमवार आलाच तर सातू. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं नव्या सुनेनं हे व्रत करायचं आणि नावडतीची कहाणी ऐकायची. ही कहाणी नेमकी तिच्याच वाट्याला का यावी?

कहाणीतल्या राजाला चार सुना. तिघी आवडत्या, एक नावडती. तिला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचा गोठा. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात आणि हे व्रत सांगतात. मूठ वाहताना ती सासू-सासरे, दीर, जावा, नणंदा, नवरा असं एकेक नातं घेऊन देवाला म्हणते, मी यांची नावडती आहे, मला आवडती कर. परक्या घरात आलेल्या मुलीच्या जिवाला हाच घोर असतो, पण बोलायची चोरी. कहाणी ते बोलणं तिच्या तोंडी घालते, तेही घरातल्या सगळ्यांसमक्ष, आणि कुणाचा उपमर्द न होता.

गोष्टीतून असा आधार मुलांनाही मिळतो. बालमनाचे अभ्यासक ब्रूनो बेटलहाईम यांनी १९७६ साली परीकथांच्या मानसिक अर्थावर पुस्तक लिहिलं. भावंडांत आपणच नकोसे आहोत असं वाटणाऱ्या लेकराला सिंड्रेलाच्या गोष्टीतून धीर मिळतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या नावडतीला सोडवायला मात्र कुणी राजपुत्र येत नाही. तिला गोठ्यात ठेवणारा सासराच तिचा देव बघायला रानात जातो. त्या देवाचं देऊळ तेव्हा सोन्याचं झालेलं दिसतं. राजा पागोटं खुंटीला ठेवून तळं पाहायला जातो. नंतर पागोट्यासाठी परततो, तर तिथं लहानसं देऊळ, पिंडीवर सुनेनं केलेली पूजा, आणि खुंटीवर पागोटं जसंच्या तसं. मला या पागोट्याचं फार मोल वाटतं. सोनं दिसेनासं झालं तरी जे पाहिलं ते खरं होतं, याची ती खूण. मग तो तिला पालखीत बसवून घरी आणतो.

‘सोसलं की भलं होतं’ एवढाच अर्थ सुनांना शिकवणं म्हणूनच मला पटत नाही. नावडती होती तशीच राहते. नजर बदलते ती सासऱ्याची, आणि त्यासाठी त्याला तिच्या रानापर्यंत चालत जावं लागतं.

तेव्हा सासूबाई, मामंजी, येत्या श्रावणात कहाणी संपली की लगेच आरतीला उठू नका. सुनेला विचारा, बाई, तुला या घरात कसं वाटतं? आणि ती जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्या.