नट निळू फुले आणि आपल्या गांवचा हिंदुराव

(बीड जिल्ह्यांतील एका गांवीं ऊसतोडीस निघणाऱ्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



दसरा झाला. आतां धारूर, वडवणी, केजकडील गाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतील. अशा वेळीं एका नटाचें चरित्र कशाला, असें कोणी म्हणेल. पण हा नट तुमच्या-आमच्या पोटाचीच गोष्ट सांगून गेला, म्हणून आम्ही ती आज सांगतों.

निळकंठ कृष्णाजी फुले, म्हणजे आपले निळूभाऊ, १९३० सालीं जन्मले. घर गरिबीचें. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेंत त्यांनीं माळ्याची नोकरी केली. एकीकडे खुरपें, दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत लोकनाट्य. 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या वगानें त्यांचें नांव झालें. १९६८ सालीं 'एक गाव बारा भानगडी' ह्या चित्रपटानें ते पडद्यावर आले. १९७२ सालीं 'सखाराम बाइंडर' नाटकांत त्यांनीं सखाराम उभा केला.

पुढें पडद्यावरचा दुष्ट पाटील, लबाड सरपंच म्हटला कीं निळूभाऊच. जत्रेच्या तंबूंत त्यांना पाहून बाया बोटें मोडीत. पण मंडळी, ह्या शिव्या म्हणजे त्यांच्या कामाची पावती होती. नट हाहि कारागीरच. सुतार लांकडाची गांठ ओळखतो, तसे निळूभाऊ माणसाची गांठ ओळखीत. त्यांचा पाटील आरडाओरड करीत नसे. आवाज खालीं, मान तिरकी, डोळा अर्धा मिटलेला. ज्याच्या हातीं गांव आहे त्याला ओरडण्याची गरज काय? हें खालीं उभें राहून ज्यानें पाहिलें त्यालाच कळतें.

१९७५ सालचा 'सामना' ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा. लिहिला विजय तेंडुलकरांनीं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचें. बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो गेला. निळूभाऊ त्यांत हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत. साखर कारखाना त्याच्या मुठींत, गांव त्याच्या शब्दांत. हा परका सावकार नव्हे. आपल्यांतलाच, गोड बोलणारा, चार संस्था काढणारा. मग एक व्यसनी म्हातारा मास्तर येतो. हें काम डॉ. श्रीराम लागूंचें. मारुती कांबळे नांवाचा माणूस गांवांतून कोठें गेला, एवढेंच तो पुन्हां पुन्हां विचारीत राहतो. त्याच्यापाशीं पैसा नाहीं, लाठी नाहीं. त्या एका प्रश्नानें हिंदुरावाचा वाडा हादरतो.

निळूभाऊंची स्वतःची राहणी मात्र अगदीं निराळी. साधे कपडे, मवाळ बोलणें, वाचनाचा नाद. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी पाय जमिनीवरच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामांत ते डॉ. लागूंच्या बरोबरीनें उभे राहिले. १३ जुलै २००९ रोजीं ते पुण्यास वारले.

बंधूंनो, गंमत पाहा. पडद्यावरच्या खोट्या पाटलाला आपण शिव्या देतों, आणि गांवांतला खरा हिंदुराव समोर आला कीं टोपी सांवरून रामराम घालतों! निळूभाऊंनीं आयुष्यभर आपल्याला त्याची चाल, त्याचें हंसणें, त्याची नजर दाखविली, ती ओळख पटावी म्हणूनच ना?

तर आतां निघतांना एवढें करा. मुकादमाकडून उचल घेतां ती किती, फिटली किती, राहिली किती, हें कागदावर मागा. तोडलेल्या उसाचें वजन विचारा. शिकणारें पोर कोयत्यामागें नेऊं नका. आजीजवळ ठेवा, शाळेंत ठेवा. आणि कोणी गरीब गांवांतून नाहींसा झाला, तर त्या मास्तरासारखें विचारीत राहा. एकट्यानें विचाराल तर वेडे ठराल. साऱ्या टोळीनें विचाराल तर हिंदुरावाला उत्तर द्यावेंच लागेल.